ब्रेक ऑइल आणि स्टेअरिंग ऑइल दोन्ही कमी होतंय, खाली थेंब नाही. काय बघावं?

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात. सहा चाकांची भाजीची गाडी आहे, २०१६ची, केए-२२ पासिंग. ब्रेक हायड्रॉलिक, व्हॅक्यूम बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा), आणि पॉवर स्टेअरिंग. आठवड्याला तीन फेऱ्या. रात्री बेळगावच्या एपीएमसीत भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, पहाटे म्हापसा. गाडी धाकटा भाऊ चालवतो.

गेले तीन आठवडे ब्रेक ऑइलची डबी आठ दिवसांत दोन बोटं खाली येते. स्टेअरिंगची डबीसुद्धा तशीच. रात्री गाडीखाली पुठ्ठे पसरून ठेवलो, सकाळी कोरडे. टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवून बघितलो, ओल नाही. मेस्त्री म्हणाला, "गाडी जुनी झाली, थोडं पिणारच. घालायचं आणि चालवायचं." माझं मन मानत नाही. भाऊ म्हणतो, पेडल आधीपेक्षा जड लागतंय.

दोन्ही ऑइल एकाच ठिकाणाहून जात असतील का? आणि सापडेपर्यंत घाट उतरवावा का? जाणकारांनी सांगा.

चोर्ला_रोज | सोमवार, रात्री ९:५२

पहिल्यांदा गाडी उभी कर. बाकीचं उद्या बोलू.

निपाणी_टेम्पो | सोमवार, रात्री १०:०५

लायनर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, कधी बदललेत? लायनर झिजले की व्हील सिलेंडरचे (चाकातल्या, लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या सिलेंडरचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल डबीतून खाली जातं. ती गळती नव्हे. माझ्या गाडीला नवे लायनर घातल्यावर डबी आपोआप वर आली होती.

जुना_मेस्त्री | सोमवार, रात्री १०:३०

बाळ, टायर कोरडा म्हणजे चाक कोरडं असं समजू नको. चारी ड्रम काढ. व्हील सिलेंडरच्या तोंडाला धूळ अडवायचं रबर असतं, ते स्क्रू ड्रायव्हरनं हळूच उचल. आत ओल असली तर कप, म्हणजे आतलं ऑइल अडवणारं रबर, गेला. बाहेर थेंब पडायला अजून महिना लागेल, पण गळती चालू झालेली असते.

मागच्या चाकात ओल दिसली म्हणून लगेच व्हील सिलेंडर विकत आणायला पळू नको. हबचं सील गेलं तरी क्राऊनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या गिअरचं, ऑइल ड्रममध्ये येतं. बोटाला लावून वास घे. क्राऊनच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते दाट असतं. ब्रेक ऑइल पातळ, बोटांत चोळलं तर चिकटपणा फार राहत नाही. मी चाळीस वर्षं हेच काम केलो. निम्म्या पोरांना हा वास ओळखायला शिकवूनच कामाला लावलो.

उद्यमबाग | सोमवार, रात्री ११:१५

मी उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात आहे, पंचवीस वर्षं पॉवरपॅक आणि सिलेंडर हाताखालून गेलेत. गाडीचा मेस्त्री नाही, पण ऑइल कुठं जातं हे शोधणं हाच माझा रोजचा धंदा आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुमच्या गाडीत ब्रेकचं ऑइल आणि स्टेअरिंगचं ऑइल कुठंच एकमेकांना भेटत नाही. डब्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या, ऑइलची जातच वेगळी. त्यामुळं एकाच वेळी दोन वेगळी दुखणी लागलीत असं धरून चाला आणि एकेक डबी स्वतंत्रपणे बघा. दोन्ही एकदम शोधायला गेलात तर दोन्ही हुकतील.

लायनरचा मुद्दा बरोबर आहे, पण झिजेनं डबी उतरते ती महिनोन्‌महिने, किंचित किंचित. आठ दिवसांत दोन बोटं ही झीज नव्हे.

ऑइल हवेत जात नाही. बाहेर पडलं नसेल तर आत कुठंतरी पडतंय. ब्रेकच्या बाबतीत "आत" म्हणजे तीन जागा. एक, मेस्त्रींनी सांगितलेले ड्रम. दोन, क्लच. बऱ्याच छोट्या गाड्यांत क्लचचं मास्टर ब्रेकच्याच डबीतून ऑइल घेतं, तेव्हा क्लच पेडलच्या वर, केबिनच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. मॅट ओलं आहे का बघा. तीन, बूस्टर. मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा, तो बूस्टरच्या तोंडावर बसतो. त्याचं मागचं सील गेलं की ऑइल मागं बूस्टरच्या पोटात उतरतं. जमिनीवर थेंबसुद्धा पडत नाही. पेडल जड झालंय म्हणालात, म्हणून माझा पहिला संशय बूस्टरवर आहे. ब्रेक ऑइलनं आतला पडदा फुगतो, खराब होतो, मग व्हॅक्यूमची मदत कमी पडते.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट होते. व्हॅक्यूम पंप बहुतेक वेळा ऑल्टरनेटरच्या पाठीला असतो, त्याला इंजिनचं ऑइल पुरवलेलं असतं आणि ते परत इंजिनच्या तळाच्या चेंबरात जातं. बूस्टरात साचलेलं ब्रेक ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून त्या पंपात ओढलं जातं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे तुमचं ब्रेक ऑइल इंजिनच्या पोटात असू शकतं.

ओल सापडली तर कुठलं ऑइल ते असं ओळखा: स्टीलच्या ताटलीत पाणी घ्या, एक थेंब टाका. पाण्यात विरघळून गेलं तर ब्रेक ऑइल. तवंग धरून वर तरंगलं तर स्टेअरिंगचं किंवा इंजिनचं. आपण ब्रेक "ऑइल" म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे, ग्लायकोल आहे.

मलप्रभाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

सगळ्यांचे आभार. कालची फेरी रद्द केलो. भाजी दुसऱ्याच्या गाडीत चढवली. आज आधी क्लच बघतो, मग ड्रम.

घाटउतार | मंगळवार, सकाळी ९:१०

एवढं घाबरवू नका त्याला. माझी गाडी दोन वर्षं महिन्याला अर्धी बाटली ब्रेक ऑइल पीत होती. डबीवर नजर ठेवायची, गाडीत एक बाटली ठेवायची, गिअरमध्ये घाट उतरायचा. हंगामात गाडी उभी करणं गरिबाला परवडत नाही. गाडीचा हप्ता थांबतो का?

चोर्ला_रोज | मंगळवार, सकाळी ९:४५

@घाटउतार, हप्त्याचं मला कळतं, माझाही चालू आहे. पण डबीवर नजर ठेवून काय होतं ते सांगतो.

चार पावसाळ्यांमागची गोष्ट. मीसुद्धा बाटली गाडीतच ठेवायचो. झाकण उघडलेली, सीटच्या मागं. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, महिनाभर कपडे वाळत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. तेच ऑइल मी घालत राहिलो. एका रात्री पूर्ण लोड, समोर धुकं, पायाखाली सारखा ब्रेक. चोर्ल्याच्या खालच्या वळणांवर पेडल एकदम स्पंजासारखं झालं आणि दुसऱ्या दाबाला तळाला गेलं. डबी भरलेली होती. एक थेंबही कमी नव्हता. ऑइलमधलं पाणी उकळून वाफ झाली होती, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही.

दुसऱ्या गिअरला टाकून, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या अंगाला चाक घासत थांबवली. क्लीनर खाली उतरून दगड लावत होता तेव्हा त्याचे हात थरथरत होते. माझे तर स्टेअरिंगवरून सुटेनात. अर्धा तास तसाच बसलो. खाली केरीचे दिवे दिसत होते.

नंतर कळलं ते असं: डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलं की १४० वर येतं. डॉट ४ नवं २३०, मुरलेलं १५५. घाटात ड्रम किती तापतो ते थुंकून बघा. तेव्हापासून डॉट ४ आणि दर वर्षी पूर्ण बदल. उघडी बाटली कधीही ठेवत नाही.

घाटउतार | मंगळवार, सकाळी १०:०२

हे माहीत नव्हतं. माझीही बाटली उघडीच आहे. आज टाकतो.

मस्कतहून | मंगळवार, दुपारी १:३०

मी मूळचा चिकोडी भागातला, इकडे ओमानमध्ये अमेरिकन पिकअप सांभाळतो. उद्यमबाग यांनी दोन्ही ऑइल भेटत नाहीत म्हटलं ते आपल्याकडच्या गाड्यांना बरोबर आहे. इकडच्या काही मोठ्या पिकअपना ब्रेकचा बूस्टरच स्टेअरिंगच्या पंपावर चालतो, हायड्रोबूस्ट म्हणतात. पंपाचं ऑइल आधी बूस्टरात, तिथून स्टेअरिंग बॉक्सला. तिथं स्टेअरिंग गळालं की ब्रेकही जड होतो. पंप बंद पडला तरी साठवलेल्या दाबावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, पुढं सगळं पायाच्या जोरावर. त्यातही मास्टर सिलेंडरातलं ऑइल वेगळंच असतं. त्यामुळं कुठली डबी उतरते हे बघितलं की निम्मा शोध संपतो. तुमच्या दोन्ही उतरताहेत, म्हणून डोकं फिरलंय.

निपाणी_टेम्पो | मंगळवार, दुपारी २:१५

ऑइलची जात वेगळी म्हणालात त्यावरून सांगतो, कारण हे कुणाच्या वाट्याला येऊ नये. तंबाखूच्या हंगामात रात्री हत्तरगीजवळ ब्रेकची डबी खाली दिसली. क्लीनर नवा. त्यानं अंधारात हाताला आलेली बाटली ओतली, ती स्टेअरिंगची. वंटमुरी घाट चढून काकतीपर्यंत आलो, ब्रेक सुटेनात. चारी ड्रम एवढे तापले की धूरच निघाला.

स्टेअरिंगचं ऑइल खनिज तेल. ब्रेकमधली रबरं त्यात फुगतात. नुसतं ऑइल काढून भागलं नाही. मास्टरचं किट, चारी व्हील सिलेंडरचे कप, होज पाईप, सगळं रबर बदललं, लोखंडी पाईप धुऊन काढले. एका बाटलीपायी तीन दिवस गाडी उभी. आता ब्रेकच्या बाटलीला मी पिवळी चिंधी बांधतो आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या बाजूला ठेवतो.

उद्यमबाग | मंगळवार, दुपारी २:४०

चिंधीची कल्पना उत्तम. नवं स्टेअरिंग ऑइल बहुतेक लाल असतं, ब्रेकचं पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं. पण बॅटरीच्या उजेडात रंगावर विसंबू नये.

ऊसगाडी | मंगळवार, संध्याकाळी ६:००

आमच्या दहा टायरच्या गाडीला हवेचे ब्रेक, तिथं हे दुखणं नाही. पण स्टेअरिंगचं ऑइल आमचंही गेलं होतं. पंप इंजिनच्या गिअरवर चालत होता. पंपाच्या शाफ्टचं सील गेलं आणि सगळं ऑइल इंजिनच्या चेंबरात. संकेश्वरला कारखान्याच्या नंबरात उभे असताना सहज इंजिन ऑइल मोजायची काडी ओढली तर ऑइल खुणेच्या वर! इंजिन ऑइल कधी वाढतं का? @मलप्रभाकाठ, तुझा पंप बेल्टवर की गिअरवर? गिअरवर असेल तर काडी ओढून बघ.

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

पंप गिअरवरच आहे. काडी ओढलो. खुणेच्या केसभर वर आहे, पण इंजिन ऑइल बदलताना मेस्त्रीनं जास्त घातलं असेल तर सांगता येत नाही.

क्लच कोरडा. चारी ड्रम काढलो, व्हील सिलेंडरची रबरं उचलून बघितलो, आत कोरडी लाल धूळ. उद्या बूस्टर. गावातला मेस्त्री बूस्टर खोलायला तयार नाही, म्हणून बेळगावच्या ऑटोनगरात नेतो. रिकामी गाडी, हळू.

बेळगुंदी | मंगळवार, रात्री १०:१०

ऑटोनगरात गेलास तर कन्नड मेस्त्री असला तरी बिचकू नको. "सोरतैती" म्हणाला म्हणजे गळतंय. आमच्याकडे मराठी पोरंही आता गळतंय म्हणायचं सोडून "सोरालंय" म्हणतात. आई म्हणते, नळ सोरालाय. पुण्याच्या पाहुण्यांना कळत नाही.

जुना_मेस्त्री | मंगळवार, रात्री १०:२५

ऑटोनगरातल्या निम्म्या मेस्त्र्यांनी मराठी माझ्याकडं शिकली आणि मी कन्नड त्यांच्याकडं. पान्याला जात नसते. बाळ, मास्टर बूस्टरवर दोन नटांवर बसतो. पाईप न सोडता तेवढा पुढं ओढता येतो, फक्त पाईपांना मुरड पडू देऊ नको. आणि नट काढायच्या आधी खालचा रंग बघ. ब्रेक ऑइल रंग खातं. मास्टरच्या खाली बूस्टरचा काळा रंग फुगून पोपडे आले असतील तर निम्मं काम झालंच.

मलप्रभाकाठ | बुधवार, संध्याकाळी ५:५०

सापडलं. ब्रेकचं सापडलं.

मेस्त्री कन्नडच होते, वयस्कर. मी सगळं सांगितलो. त्यांनी काही न बोलता मास्टरच्या खाली नख लावलं, रंगाचा पोपडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बिच्चि नोडरी", म्हणजे खोलून बघा. दोन नट काढले, मास्टर पुढं घेतला. मागच्या तोंडाला ऑइल चकाकत होतं. बूस्टरच्या भोकातून आत बोट घातलो तर पहिल्या पेरापर्यंत ओलं. सिरिंजला सलाईनची नळी लावून ओढलो, चहाचा अर्धा कप भरला. काळपट, पातळ. मेस्त्रींच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात पाणी घेऊन त्यात थेंब टाकलो. गेला विरघळून. तवंग नाही. आम्ही दोघंही वाकून बघत होतो.

तीन आठवडे आमच्या पोरानं या पेडलवर घाट उतरवलाय.

आता मास्टर पूर्ण नवा घालावा की किट घालून चालेल? किट स्वस्त पडतंय.

जुना_मेस्त्री | बुधवार, संध्याकाळी ६:१५

मास्टर उघडून आतली नळी उजेडात धर. आरशासारखी असली तर किट चालेल. नखाला ओरखडा लागला किंवा गंजाचे ठिपके दिसले तर किट घालून पैसे वाया घालवू नको, नवा कप त्याच खड्ड्यावर घासून पुन्हा जाईल. घाटाची गाडी आहे, मी असतो तर नवा घातलो असतो. बूस्टरही बदल, पडदा भिजलाय. व्हॅक्यूमची नळी काढून आतून पूस, तिच्यातला एकतर्फी वॉल्व्ह फुंकून बघ.

आणि अर्धा कप बूस्टरात मिळाला, बाकीचं कुठं गेलं? इंजिनात. काडी केसभर वर का, ते कळलं ना? इंजिन ऑइल आणि फिल्टर आजच्या आज बदल. ब्रेक ऑइल बेअरिंगला चांगलं नाही.

नवं बसवल्यावर ब्रेकच्या पाईपांतली एअर (हवा) काढताना लांबचं चाक आधी. आपल्या गाडीत मास्टर उजवीकडं, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाच्या निप्पलमधून हवेबरोबर निघालेलं ऑइल परत डबीत घालू नको, कितीही स्वच्छ दिसलं तरी. शेवटी इंजिन बंद ठेवून पाच वेळा पेडल मार, पाय दाबून धर, मग स्टार्टर मार. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

मलप्रभाकाठ | बुधवार, रात्री ९:००

मास्टरच्या आत ओरखडा होता. दोन्ही नवे घेतलो. काका, तुमचे उपकार आहेत. आता स्टेअरिंग. तिथं काहीच दिसत नाही. पाऊस सारखा, खालचं सगळं धुऊन जातंय.

उद्यमबाग | बुधवार, रात्री ९:४०

तुमचे पुठ्ठे कोरडे का राहिले ते इथंच आहे. पुठ्ठा तुम्ही उभ्या गाडीखाली ठेवलात. उभ्या गाडीत स्टेअरिंगच्या लाइनला दाबच नसतो. इंजिन चालू असताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की शंभर बारच्या वर दाब जातो. बारीक चीर तेवढ्यापुरतीच तोंड उघडते.

असं करा. पंप, बॉक्स, दोन्ही होज आणि त्यांची टोकं डिझेलनं धुवा, फडक्यानं कोरडी करा. मग त्यावर टाल्कम पावडर नाहीतर बारीक रांगोळी फुंका, सगळं पांढरं होऊ दे. गाडी छपराखाली घ्या. इंजिन चालू, एकजण स्टेअरिंग डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवेल. टोकाला दोन-तीन सेकंदांच्या वर धरायचं नाही, पंप तापतो. दहा-पंधरा वेळा करा. इंजिन बंद करून बॅटरी घेऊन बघा, पांढऱ्यावर लाल रेघ दिसेल.

हात जोडून एक सांगतो. चालू इंजिनात चीर शोधायला होजवरून बोट फिरवू नका. एवढ्या दाबाचं ऑइल सुईसारखं कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट काढावं लागतं. आमच्या कामात ही पहिली शिकवण. बघायचंच असेल तर पुठ्ठा पुढं धरा.

मलप्रभाकाठ | गुरुवार, दुपारी १२:२०

आईची रांगोळी वापरलो. बहिणीनं विचारलं, गाडीची पूजा आहे का.

भाऊ वर स्टेअरिंगवर, मी बाहेर. बाराव्या वेळेला इंजिन बंद करून खाली गेलो. बॉक्सकडं जाणाऱ्या जाड होजच्या टोकाला लोखंडी टोपी दाबून बसवलेली असते, तिच्या कडेला रांगोळी गुलाबी झाली होती. तिथून एक बारीक लाल रेघ खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर गेलेली. त्या पट्टीवर आधीच ग्रीस आणि चिखलाचा थर, सगळं त्यात मुरत होतं. जमिनीवर येणार कुठून!

उद्यमबाग | गुरुवार, दुपारी १२:५०

झकास. होज नवा क्रिम्प करून (टोकाची टोपी मशीननं दाबून) बेळगावात तासाभरात मिळेल, पण फक्त लांबी आणि आटे जुळले म्हणून घेऊ नका. दाबाचं रेटिंग विचारा, गरम ऑइलला चालतो का विचारा. बसवल्यावर पुढची चाकं उचलून, आधी इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, डबी भरत राहा. मग इंजिन चालू करून तेच. डबीत फेस आला तर हवा अजून आत आहे.

घाटउतार | गुरुवार, रात्री ८:३०

सकाळी माझा बूस्टर उघडायला दिला होता. ओला निघाला. दोन वर्षं मी त्यात बाटल्या ओतत होतो. मंगळवारी मी जे लिहिलं ते मागं घेतो. मलप्रभाकाठ, तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस.

मलप्रभाकाठ | पुढचा गुरुवार, पहाटे ४:४०

आठ दिवस झाले, दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही डब्यांवर चिकटपट्टी लावून पेनानं रेघ मारलोय. घालायचं नाही, फक्त बघायचं. आज तिसरी फेरी. भावाला सांगितलोय, कणकुंबीला चहाला थांबशील तेव्हा बॉनेट उघडून रेघ बघ, मगच उतार धर.

चोर्ला_रोज | पुढचा गुरुवार, सकाळी ७:१५

कणकुंबीचं काय?

मलप्रभाकाठ | पुढचा गुरुवार, सकाळी ७:३२

रेघेवरच होतं. दोन्ही. आता म्हापशात भाजी उतरतेय.